दुखतं एकीकडे, कारण दुसरीकडे : अ‍ॅनिमेशनपटाची कथा बदलते कशी

19 नोव्हेंबर 1993, शुक्रवार. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने 'टॉय स्टोरी'ची तोवर जुळलेली रिळं चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवली. बहुतेक भाग अजून रेखाचित्रांतच होता. त्यात वुडी हा काउबॉय बाहुला नव्याने घरात आलेल्या बझ या खेळण्यावर इतका जळतो, की त्याला सरळ खिडकीबाहेर ढकलून देतो. स्लिंकी कुत्र्यावर खेकसतो, बाकीच्या खेळण्यांवर हुकूम सोडतो. रिळं संपली तेव्हा वुडी कोणालाच आवडला नव्हता, त्याला घडवणाऱ्यांनाही नाही. डिस्नेने काम थांबवलं. पिक्सारच्या लोकांनी त्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' असं नाव देऊन टाकलं. नवी संहिता मंजूर होईपर्यंत बरेचसे कलाकार जाहिरातींच्या कामाला लागले.

चित्रपट 22 नोव्हेंबर 1995 ला आला. त्यातही बझ खिडकीतून पडतोच. पण कसा पडतो ते आठवा. खेळण्यांचा मालक असलेल्या अँडी या मुलाला पिझ्झा प्लॅनेट या हॉटेलात एकच खेळणं नेता येणार असतं. आपला नंबर लागेल का, या धाकधुकीत वुडी बझला टेबलामागच्या फटीत पाडायला बघतो, म्हणजे अँडीला तो सापडणार नाही. त्यासाठी तो रिमोटची गाडी बझच्या अंगावर सोडतो. गाडी फळ्यावर आदळते, टाचण्या उडतात, पृथ्वीचा गोल घरंगळतो, टेबलावरचा दिवा गर्रकन फिरतो आणि बझ खिडकीबाहेर जातो. घटना तीच. पण आधीचा वुडी गुन्हेगार होता, आणि हा आपल्यातलाच, असुरक्षितपणातून भलतंच करून बसलेला कोणीतरी आहे. आता तो बझला शोधायला निघतो तेव्हा आपण त्याच्यासोबत निघतो.

अ‍ॅनिमेशनपटाची कथा बनताना बदलते म्हणजे काय, याचं हे अगदी नेमकं उदाहरण आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वाईट प्रसंग काढून चांगले घातले असतील. प्रत्यक्षात पुष्कळदा प्रसंग जागच्या जागी राहतो आणि त्याच्यामागचं कारण बदलतं. आणि ते कारण त्या प्रसंगात नसतं, त्याच्या दहा, वीस, चाळीस मिनिटं आधी कुठेतरी पेरलेलं असतं. प्रेक्षक दुखतं तिथे बोट ठेवतो. दुखण्याचं मूळ शोधणं हे कथा विभागाचं काम.

आधी संकलन, मग चित्रीकरण

नटांना घेऊन केलेल्या चित्रपटात दिग्दर्शक एकाच प्रसंगाचे पाच टेक घेतो, तीन कोनांतून चित्रित करतो आणि मग संकलनाच्या टेबलावर हवं ते ठेवतो. कथा तिथेही बदलते, पण हाताशी जास्तीचं सामान असतं. अ‍ॅनिमेशनमध्ये जास्तीचं काहीच नसतं. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 फ्रेम लागतात आणि मोठ्या चित्रपटावरचा एक अ‍ॅनिमेटर आठवड्याला साधारण तीन-चार सेकंदांचं पक्कं काम देतो. तीन मिनिटांचा भाग म्हणजे 180 सेकंद, म्हणजे एका माणसाचं जवळजवळ वर्षभराचं काम. हे काम करून मग ते कापून टाकणं कोणालाच परवडत नाही. म्हणून इथे क्रम उलटा असतो. चित्रपट आधी कच्च्या चित्रांत पूर्ण जुळवायचा, संकलित करायचा, पाहायचा, मोडायचा, पुन्हा जुळवायचा, आणि त्यातलं जे टिकेल तेच 'चित्रित' करायचं.

या पद्धतीची सुरुवात 1930 च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत झाली. प्रसंगाची छोटी चित्रं काढून फळ्यावर ओळीने टाचायची, हा वेब स्मिथ या कथाकाराच्या नावावर सांगितला जाणारा शोध. फायदा साधाच होता. वहीतलं पान उलटल्यावर मागचं दिसत नाही, फळ्यावर मात्र सगळी कथा एका नजरेत येते आणि नकोसं चित्र टाचणी काढली की खाली. तरीही चुका महागात पडायच्याच. 'स्नो व्हाइट'मध्ये बुटके सूप पितात असा एक धमाल प्रसंग वॉर्ड किमबॉल या तरुण अ‍ॅनिमेटरने खपून केला होता. प्रसंग मजेशीर होता, पण त्याने कथा जागीच थांबत होती. 1937 मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यात हा प्रसंग नव्हता. तालमीत हशा घेणारं वाक्य नाटकाचा वेग मारतंय म्हणून कापावं लागतं तेव्हा नटाला काय वाटतं, हे आपल्याकडच्या नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

रीळ बनतं कसं

सुरुवात एका परिच्छेदाने होते, मग काही पानांची ट्रीटमेंट. तिच्यात संवाद नसतात, फक्त काय घडतं आणि का घडतं. मग साधारण 90 मिनिटांच्या चित्रपटाचे दोन ते चार मिनिटांचे 25-30 तुकडे पाडतात. यांना सीक्वेन्स म्हणतात. प्रत्येक सीक्वेन्सला नाव आणि क्रमांक मिळतो आणि इथून पुढे स्टुडिओत सगळे याच नावांनी बोलतात. एखादा सीक्वेन्स रद्द झाला तरी त्याचा क्रमांक सहसा दुसऱ्याला देत नाहीत. दिला तर जुनी चित्रं आणि आवाजाच्या फाइली नव्यात मिसळून घोळ होतो.

लेखकाने एका सीक्वेन्सची पानं दिली की ती एका स्टोरी आर्टिस्टकडे जातात. तो आधी काडेपेटीएवढी चित्रं काढतो, त्यांना थंबनेल म्हणतात. दिग्दर्शकाशी बोलतो, मग मोठी चित्रं काढतो, ती पॅनेल. तीन मिनिटांच्या सीक्वेन्सला शंभर-दोनशे पॅनेल सहज लागतात, आणि अभिनय बारीक असेल तर त्याहून जास्त. दोन-चार आठवड्यांनी तो सगळ्यांसमोर उभा राहून सीक्वेन्स सादर करतो: चित्रं एकामागून एक दाखवत, सगळ्या पात्रांचे आवाज स्वतः काढत. याला पिच म्हणतात. चांगला पिच करणारा कलाकार ही स्टुडिओची ठेव असते, पण तिच्यात एक धोकाही असतो. त्याच्या सादरीकरणाने खोली हसते आणि प्रसंगातली पोकळी झाकली जाते.

ती पोकळी उघडी पडते संकलकाच्या खोलीत. तिथे प्रत्येक पॅनेलला वेळ मिळतो, कुणाला 12 फ्रेम, कुणाला 40. संवाद स्टुडिओतल्याच माणसांकडून बोलवून घेतात, त्याला स्क्रॅच आवाज म्हणतात. दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावतात, दाराचा आवाज, पाऊस, पावलं भरतात. हे झालं स्टोरी रील, ज्याला अ‍ॅनिमॅटिक असंही म्हणतात. सगळे सीक्वेन्स जोडले की दीड तासाचा एक ओबडधोबड चित्रपट तयार होतो. तो अंधाऱ्या थिएटरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता पाहायचा. मध्ये कोणी खुलासा करायचा नाही.

मोठ्या स्टुडिओत असा खेळ दर तीन-चार महिन्यांनी होतो आणि एका चित्रपटाच्या वाट्याला सात-आठ खेळ सहज येतात. प्रत्येक खेळानंतर निम्म्याहून जास्त रीळ मोडलं जाणं हे नेहमीचंच. पिक्सारने मोजलेले आकडे पाहिले की अंदाज येतो. 'अ बग्ज लाइफ'साठी 27,565 स्टोरीबोर्ड (म्हणजे अशी पॅनेल) लागले, 'फाइंडिंग नीमो'साठी 43,536, 'रॅटाटुई'साठी 69,562 आणि 'वॉल-ई'साठी 98,173. 'वॉल-ई' 98 मिनिटांचा आहे, म्हणजे पडद्यावरच्या दर मिनिटामागे हजार चित्रं. आकडे चढते आहेत हेही पाहण्यासारखं आहे. अनुभव वाढला म्हणून चित्रं कमी लागली, असं झालेलं नाही.

सूचना ऐकायची कशी

खेळ संपल्यावर सूचना येतात, स्टुडिओच्या भाषेत नोट्स. पिक्सारमध्ये दुसऱ्या चित्रपटांचे दिग्दर्शक आणि कथाकार मिळून 'ब्रेनट्रस्ट' नावाचा गट बसतो. या गटाचा महत्त्वाचा नियम असा, की त्याच्या हाती कसलाही अधिकार नसतो. ते काय खटकलं ते सांगतात, उपायही सुचवतात, पण काय करायचं ते दिग्दर्शक ठरवतो. हा नियम सौजन्यासाठी केलेला नाही. बाहेरच्या माणसाला खटकलेली जागा बहुतेक वेळा बरोबर असते, पण त्याने सुचवलेला उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण तो दुखतं तिथेच मलम लावायला सांगतो.

'टॉय स्टोरी 2' घ्या. हा चित्रपट मुळात थेट व्हिडिओसाठी ठरला होता, नंतर चित्रपटगृहांसाठी करायचं ठरलं. 1998 च्या अखेरीस 'अ बग्ज लाइफ'मधून मोकळ्या झालेल्या पिक्सारच्या मुख्य मंडळींनी त्याची रिळं पाहिली. त्यात वुडीला खेळण्यांचा एक संग्राहक पळवून नेतो, त्याची रवानगी जपानमधल्या संग्रहालयात होणार असते, आणि वुडीपुढे पेच असतो: अँडीकडे परतायचं की काचेच्या कपाटात कायमचं जपलं जायचं? कागदावर पेच उत्तम. पडद्यावर मात्र त्यात काही जीव नव्हता, कारण वुडी अँडीकडेच जाणार हे बघणाऱ्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. ज्या निवडीचं उत्तर आधीच माहीत आहे, तिला निवड म्हणत नाहीत.

सोपा उपाय निवडीच्याच प्रसंगात होता. संवाद वाढवायचे, वुडीला जरा जास्त घुटमळू द्यायचं, संगीत चढवायचं. त्यांनी तो प्रसंग तसा फारसा छेडलाच नाही. ते मागे गेले. सुरुवातीला वुडीचा हात उसवतो आणि त्याला वरच्या फळीवर ठेवलं जातं. तिथे त्याला व्हीझी हा पेंग्विन भेटतो, आवाज बिघडला म्हणून बाजूला पडून धूळ खाणारा. मोडक्या खेळण्याचं पुढे काय होतं, ते वुडीला आणि आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच दिसतं. मग मध्यावर जेसी या काउगर्ल बाहुलीचं गाणं येतं. रँडी न्यूमनने लिहिलेलं आणि सारा मॅक्लॉक्लनने गायलेलं. जेसीवर एका मुलीने जिवापाड प्रेम केलं, मुलगी मोठी झाली, जेसी पलंगाखाली राहिली आणि शेवटी दान द्यायच्या खोक्यात गेली. जेसीने हे सोसल्याचं कळलं की वुडीची निवड एकदम खरी होते. अँडीही मोठा होणार आहे. आता 'जपानला जावं' या बाजूलाही वजन आलं, आणि वुडीला परत जायचं असेल तर अंत माहीत असूनही जावं लागेल. तक्रार शेवटाबद्दल होती, दुरुस्ती सुरुवातीला आणि मध्यावर झाली.

किंमतही सांगायला हवी. प्रदर्शनाची तारीख हलणार नव्हती, त्यामुळे हा जवळपास पूर्ण चित्रपट नऊ महिन्यांत नव्याने केला गेला. काम संपेपर्यंत एक तृतीयांश लोकांना सततच्या माउस-कीबोर्डने हाताची दुखणी जडली होती. उशिरा सापडलेलं मूळ माणसांच्या मनगटांतून वसूल होतं. या चित्रपटाचं कौतुक करताना हा भाग वगळू नये.

'फाइंडिंग नीमो'त दुखणं वेगळं होतं, इलाजाची दिशा तीच. मार्लिन हा बाप मासा प्रेक्षकांना किरकिरा आणि अति धास्तावलेला वाटत होता. पहिल्या आराखड्यात बॅराकुडा या शिकारी माशाच्या हल्ल्यात त्याची बायको आणि अंडी गेल्याची हकीकत तुकड्या-तुकड्यांनी, फ्लॅशबॅकमधून, चित्रपटभर उलगडत होती. रहस्य म्हणून ते बरं होतं. पण रहस्य उलगडेपर्यंत तासभर आपण एका चिडखोर बापासोबत अडकून पडायचो. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनने सगळे तुकडे काढून हल्ला पहिल्याच प्रसंगात ठेवला. त्यानंतर मार्लिनचे तेच संवाद, तीच धास्ती आपल्याला समजू लागली. दिग्दर्शकाला चतुर वाटणारी रचना प्रेक्षकाला पात्रापासून दूर ठेवत असेल, तर ती मोडायची. हे करायला मन घट्ट करावं लागतं, कारण तीच रचना पुष्कळदा चित्रपट सुचण्याचं पहिलं निमित्त असते.

नायकच बदलतो तेव्हा

डिस्नेच्या 'झूटोपिया'त तर कथेचा मुख्य माणूसच बदलला, तेही प्रदर्शनाला जेमतेम दीड वर्ष उरलेलं असताना. बराच काळ कथा निक या कोल्ह्याची होती. प्राण्यांच्याच झूटोपिया शहरात सगळ्या मांसाहारी प्राण्यांच्या गळ्यात पट्टा असायचा आणि ते जरा उत्तेजित झाले की पट्ट्यातून विजेचा झटका बसायचा. निकला एक करमणूक उद्यान काढायचं होतं, जिथे हे प्राणी पट्टा काढून घटकाभर मोकळे होऊ शकतील. कल्पना तगडी होती. पण खेळ पाहणाऱ्यांकडून प्रतिक्रिया अशी येऊ लागली, की हे शहर आम्हाला आवडतच नाही. मग ते वाचलं काय आणि बुडालं काय?

वरवर पाहता ही तक्रार शहराबद्दल होती. पट्टे सौम्य करा, शहर रंगीत करा, असा इलाज करता आला असता. मूळ मात्र 'आपण हे शहर कोणाच्या डोळ्यांनी बघतोय' या प्रश्नात होतं. निकला हे शहर पहिल्यापासून नासलेलं ठाऊक आहे, त्यामुळे आपल्यालाही. तेच जुडी या गावाकडून आलेल्या, शहराच्या स्वप्नाने भारलेल्या सशिणीच्या डोळ्यांनी पाहिलं की आपण आधी प्रेमात पडतो आणि तडे नंतर दिसतात. शिवाय सगळ्यात मोठा तडा तिच्या स्वतःच्या मनात निघतो. पट्टे गेले, उद्यान गेलं, त्यांच्यासाठी केलेलं डिझाइन गेलं. पण पूर्वग्रहाचा विषय पट्ट्यांशिवाय जास्त बोचरा झाला, कारण आता तो कायद्यात राहिला नाही, चांगल्या वागणाऱ्या माणसांत आला.

'फ्रोझन'ची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, पण अर्धीच. हान्स अँडरसनच्या 1844 च्या 'स्नो क्वीन' कथेवरून निघालेल्या या चित्रपटात हातांनी बर्फ निर्माण करणारी एल्सा बराच काळ खलनायिका होती. रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ यांनी तिच्यासाठी 'लेट इट गो' लिहिलं आणि ते ऐकल्यावर हे दुष्ट बाईचं गाणं नाही, हे दिग्दर्शकांच्या लक्षात आलं. इथवर सगळे सांगतात. पुढचं काम जास्त अवघड होतं. गाणं ठेवायचं तर ते गाणारी बाई त्या क्षणापर्यंत कशी पोहोचली ते पहिल्या अंकात दिसायला हवं होतं. लहानपणीची दुर्घटना, बंद दार, हातमोजे, लपवालपवी यांनी मिळून त्या गाण्याची पायवाट तयार केली. आणि एल्सा खलनायिका उरली नाही म्हटल्यावर खलनायकाची जागा रिकामी झाली, तिचा भार दुसऱ्यांवर टाकावा लागला. एक पात्र हललं की भोवतालची तीन हलतात. म्हणूनच एखादं पात्र 'जरा गोड करा' ही नोट दिसते तेवढी लहान कधीच नसते.

कुठल्या टप्प्यावर काय बदलता येतं

सगळा चित्रपट एकदम पुढच्या विभागात जात नाही. जो सीक्वेन्स पक्का वाटतो तो आधी पुढे सोडतात. मग लेआउटमध्ये कॅमेरा बसतो, नंतर अ‍ॅनिमेशन, कपडे-केस, प्रकाश आणि शेवटी रेंडर, म्हणजे संगणकाकडून पक्की चित्रं काढून घेणं. त्यामुळे सातव्या खेळाच्या वेळी चित्रपटाचा एक भाग झळाळता, एक भाग राखाडी पुतळ्यांचा आणि एक भाग अजून पेन्सिलीतच असतो. कथा बदलायची तर आता सगळीकडे सारखी बदलता येत नाही.

स्टोरीबोर्डात बदल म्हणजे एका माणसाचे काही दिवस. पात्राचं मॉडेल आणि रिग, म्हणजे त्याला हलवणारा आतला सांगाडा, तयार झाल्यावर ते पात्र रद्द केलं तर अनेक जणांचे कित्येक महिने जातात. म्हणून अनुभवी निर्माता आधी मुख्य पात्रांना आणि ठिकाणांना हात घालतो. कथेत डळमळणारं पात्र शक्य तितकं उशिरापर्यंत कागदावरच ठेवतो. सुरुवातीला कुठले सीक्वेन्स सोडायचे यातही कौशल्य लागतं. पहिला आणि शेवटचा सहसा सोडत नाहीत, कारण तेच सगळ्यात जास्त बदलतात. मधल्या पाठलागासारखा भाग तुलनेने सुरक्षित असतो. गाणीही लवकर पक्की करावी लागतात, कारण त्यांच्या तालावर अ‍ॅनिमेशन बसतं. म्हणून संगीतप्रधान चित्रपटाची कथा जास्त ताठर असते.

आवाज देणारे नट एकदाच येऊन सगळं बोलून जातात असं नाही. दोन-अडीच वर्षांत त्यांना पुन:पुन्हा बोलावतात आणि बहुधा प्रत्येक जण एकेकटा रेकॉर्ड करतो, त्यामुळे एक संवाद बदलला तर फक्त त्यालाच बोलवावं लागतं. पण अ‍ॅनिमेशन झाल्यावर संवाद बदलायचा तर? ओठांच्या हालचाली आधीच बसलेल्या असतात. मग जुन्या ओठांत बसेल असं नवं वाक्य शोधायचं. नाहीतर नवं वाक्य बोलताना कॅमेरा ऐकणाऱ्या पात्रावर ठेवायचा, किंवा बोलणाऱ्याच्या पाठमोऱ्या शॉटवर. एखाद्या अ‍ॅनिमेशनपटात महत्त्वाची माहिती पाठमोऱ्या पात्राच्या तोंडून येत असेल, तर तिथे उशिरा झालेली डागडुजी असण्याची शक्यता बरीच असते.

काय बिघडतं

सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे प्रत्येक नोट पाळणं. 1993 चा वुडी तसाच बिघडला होता. पात्रं अधिक धारदार करा, मोठ्यांनाही आवडतील अशी करा, हा डिस्नेचा आग्रह पाळता पाळता दर फेरीत तो थोडा थोडा कडू होत गेला. एकेक बदल समंजस वाटत होता, बेरीज भयंकर झाली. यावर उपाय एकच. दर दोन-तीन खेळांनंतर ट्रीटमेंट पुन्हा एका पानात लिहून काढायची, आता जे रीळ आहे त्यावरून, मूळ कल्पनेवरून नव्हे. ते पान कोणाला वाचून दाखवताना जीभ अडखळते तिथे कथा अडखळते.

दुसरा बिघाड खुलाशांचा. प्रेक्षक म्हणतो, 'हे का झालं कळलं नाही', की लगेच एक खुलासा करणारं वाक्य घातलं जातं. पुढच्या खेळात दुसऱ्यासाठी दुसरं. सहाव्या खेळापर्यंत पात्रं बोलायची थांबून एकमेकांना माहिती देऊ लागतात. बहुतेक वेळा 'कळलं नाही'चा अर्थ 'पटलं नाही' असा असतो, आणि न पटणाऱ्या गोष्टीचा कितीही खुलासा केला तरी ती पटत नाही.

तात्पुरतं संगीत हा गोड शत्रू आहे. एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचं भारी संगीत लावलं की साधा प्रसंगही डोळ्यांत पाणी आणतो आणि सगळ्यांना वाटतं, जमलं. शंकेचा प्रसंग एकदा संगीत काढून पाहावा. आणि सवय हा आणखी एक शत्रू. पाचव्यांदा बघणाऱ्याला पुढचं ठाऊक असतं, त्यामुळे पडद्यावर नसलेलं कारणही तो मनातल्या मनात भरून घेतो. दर खेळाला थोडे तरी कोरे डोळे लागतात.

मोठ्या स्टुडिओत आणखी एक दबाव असतो. शेकडो लोकांचे विभाग कामाविना बसवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे 'निदान हा सीक्वेन्स तरी सोडा' अशी ओढाताण सुरू होते. तेव्हा अर्धवट भाजलेला भाग पुढे गेला की तो रेंडर होऊन इतका सुंदर दिसतो, की नंतर काढवत नाही.

मियाझाकींची वाट

ही रीत एकमेव नाही. जपानमध्ये दिग्दर्शक हायाओ मियाझाकी सगळे स्टोरीबोर्ड स्वतः काढतात, आणि शेवट ठरायच्या आत सुरुवातीच्या भागांचं अ‍ॅनिमेशन सुरू झालेलं असतं. त्यांच्याकडे मागे जाऊन दुरुस्ती करायची सोय फारशी नसते. कथेला जे मागे घडलं त्यातूनच पुढचा रस्ता काढावा लागतो. 2001 च्या 'स्पिरिटेड अवे'त ठरवलेली कथा तीन तासांपुढे जाईल हे मधेच लक्षात आलं. तेव्हा त्यांनी पुलावर नुसत्या उभ्या असलेल्या काओनाशी या मुखवटेधारी पात्राला पुढे आणलं आणि कथेचा उत्तरार्ध त्याच्याभोवती वळवला. हे साधतं ते एकाच माणसाच्या हातात पेन्सिल, दिग्दर्शन आणि अखेरचा शब्द असतो म्हणून. चौघांनी मिळून चित्रपट करायचा असेल तर या वाटेने जाऊ नये.

आठ मिनिटांच्या फिल्मसाठी

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच स्टुडिओंत परदेशी मालिकांचं काम येतं तेव्हा स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिक तयारच येतात. त्यामुळे उत्तम अ‍ॅनिमेशन करणाऱ्या मुलांनाही कथा मोडून जोडण्याची सवय होत नाही, आणि स्वतःची फिल्म करायला घेतली की ती पहिल्याच संहितेवर थेट अ‍ॅनिमेशनला बसतात. चार महिन्यांनी शेवट जमत नाही असं कळतं.

आठ मिनिटं म्हणजे 480 सेकंद. सरासरी दोन सेकंदांना एक पॅनेल धरलं तर 240 पॅनेल होतात. दिवसाला 20 काढली तरी बारा दिवसांत पूर्ण फिल्म कागदावर येते. चित्रं सुंदर नकोत, डोळे कुठे बघतायत आणि अंग कुठे झुकलंय एवढं कळलं तरी पुरे. सुंदर चित्र फाडायला हात धजावत नाही, हेही एक कारण. क्रिटा किंवा ब्लेंडर ही मोफत सॉफ्टवेअर चालतात, ब्लेंडरमध्ये रेखाचित्रं आणि संकलन दोन्ही होतं. आवाज मोबाइलवर, घरातल्या माणसांचे. संगीत पहिल्या दोन रिळांत लावूच नका.

रीळ दाखवल्यावर 'कशी वाटली?' विचारू नका, 'छान' हेच उत्तर येईल. 'काय घडलं ते सांगा' असं म्हणा आणि बोलणं मध्ये न तोडता लिहून घ्या. ते जिथे 'आणि मग, आणि मग' असं सांगतात तिथे कारण हरवलंय. जिथे 'म्हणून' येतं तिथे कथा चालतेय. ज्या जागी सगळे अडखळले ती जागा खूण करून ठेवा आणि तिथे हात न लावता तिच्या आधीची दोन मिनिटं तपासा. असे निदान चार खेळ करा. आणि ओळखीतली सगळी माणसं पहिल्याच खेळाला बोलावू नका. प्रत्येकाचे कोरे डोळे एकदाच मिळतात. दर वेळी तिघं-चौघं नवे बोलवा, आणि चौथ्या रिळासाठी दोघं तरी अशी राखून ठेवा, ज्यांना तुमच्या फिल्मचं नावही माहीत नाही.